दोघांच्या समक्ष

यासीन गेल्याची बातमी मला वरंधला, पुतण्याच्या अंगणात मिळाली. फोन त्याच्या मुलीचा, रुबीनाचा होता. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "निघतो" म्हणालो. महाडला पोचेपर्यंत दुपार झाली, दफनविधी होऊन गेला होता. परतणारी माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवत होती. तुमचा जोडीदार गेला वकीलसाहेब, म्हणत होती. मी मान हलवत होतो... त्या गोष्टीला आता दीड महिना झाला. ज्या खांद्यावर त्या लोकांनी हात ठेवले तो त्या लायकीचा नव्हता, हे सांगण्यासाठी हा लेख.

अ‍ॅडव्होकेट यासीन मुकादम आणि मी महाडच्या कोर्टात एकाच वर्षी उभे राहिलो. बाररूममध्ये आमची टेबलं लागून होती. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजाला जाताना तो आपल्या फायली माझ्या टेबलावर सरकवायचा. त्याचं प्रकरण पुकारलं गेलं तर मी उठून वेळ मागून घ्यायचो. माझ्या घरी गणपती असताना माझ्या फायली त्याच्याकडे असायच्या. पस्तीस वर्षांत याबद्दल आम्ही एकमेकांना कधी आभार म्हटलं नाही.

मग कोर्टात मोबाइल आले. म्हणजे पुरावा म्हणून. भाऊबंदकीच्या दाव्यात, फारकतीत, चेक न वटल्याच्या खटल्यात, सगळीकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणाच्या छापील नकला येऊ लागल्या. जो तो आपल्या सोयीचे चार मेसेज छापायचा आणि पाचवा गाळायचा. एकदा एका फारकतीच्या प्रकरणात नवऱ्याच्या वकिलाने बायकोच्या फोनमधून काढलेले फोटो त्याच्या मोबाइलवर बाररूममध्ये चहासोबत हातोहात फिरले. यासीनने उठून तो फोन पालथा घातला. "उद्या ही बाई बाजारात समोर आली तर कुठं बघशील रे?" त्याने त्या वकिलाला विचारलं.

तिथून त्याने ध्यास घेतला. कायद्यात काय लिहिलंय ते वेगळं, पण आपण महाड-पोलादपूरच्या वकिलांनी आपापसात काही नियम ठरवून घ्यावेत. फोनमधलं संभाषण द्यायचं तर अख्खं द्यायचं, निवडून नाही. समोरच्या पक्षकाराने आपल्या वकिलाला लिहिलेलं काही चुकून हाती आलं तर पुढे वाचायचं नाही, त्या वकिलाला कळवायचं. प्रकरणाशी संबंध नसलेलं खासगी कुणाला दाखवायचं नाही. आणि नक्कल दोन्ही वकिलांच्या समक्ष करायची. नक्कल झाली की संगणक त्या फाइलवरून एक लांबलचक आकडा काढून देतो. फाइलमध्ये पुढे काडीचा बदल झाला तरी तो आकडा जुळत नाही. यासीन त्याला ठसा म्हणायचा. तो ठसा कागदावर लिहून खाली दोघांनी सह्या करायच्या.

शनिवारी बैठका व्हायच्या. "यासीनभाई, बायकोला कळू नयेत असे मेसेजपण द्यायचे का?" एकाने विचारलं. "तुला गॅस सिलिंडरवाल्याशिवाय मेसेज करतं कोण?" यासीन म्हणाला. हसत-भांडत मसुदा तयार झाला. त्यावर पहिली सही त्याची होती, दुसरी माझी. न्यायाधीशसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी भर कोर्टात यासीनचं कौतुक केलं. मला बरं वाटलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझ्या पोटात दुखलं होतं. तेही आज लिहून टाकतो.

त्याच पावसाळ्यात कशेडी घाटात दरड कोसळून एक ट्रक खाली गेला. ड्रायव्हर जागीच ठार झाला; तो पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. त्याची बायको सुलोचना भरपाईच्या दाव्यासाठी यासीनकडे आली. ट्रकचे मालक माझे जुने पक्षकार, त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठचं म्हणणं असं की, मी थांबायला सांगितलं होतं, हा आपल्या मर्जीने गेला. सुलोचनाच्या दिराचं म्हणणं असं की, निघण्याआधी भावाने फोन करून सांगितलं होतं, शेठचा आवाजी मेसेज आलाय, जावंच लागेल. ड्रायव्हरचा फोन ट्रकसोबत चिरडला होता. राहिला शेठचा फोन. यासीनने तो मागितला आणि कोर्टाने नक्कल देण्याचा हुकूम केला. भरपाईचं पुढं काय व्हायचं ते होऊ दे, सुलोचना म्हणायची. "माझा माणूस मस्तीनं गेला नाय, एवढं कागदावर लिहून द्या."

नक्कल करायचा दिवस शुक्रवार निघाला. माझ्याच ऑफिसात. शेठ आले होते, यासीन आला होता. कॉम्प्युटरवाला म्हणाला केबल चुकीची आणली, दुकानातून घेऊन येतो. तो गेला तेवढ्यात यासीनने घड्याळ पाहिलं.

"नमाजाची वेळ झाली. थांबू या. मी आल्यावर करू."

"अरे जा तू. मी काय फोन खाणार आहे?" मी म्हणालो.

तो हसला. दारात एक क्षण थांबला, मग गेला. नियम त्यानेच लिहिला होता. पण शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलावर काही ठेवून जाताना मागे वळून पाहायची सवय त्याला नव्हती.

शेठने फोन माझ्यासमोर धरला आणि तो मेसेज ऐकवला. "दरडी काय रोजच्या आहेत. निघ आत्ता. नाहीतर उद्यापासून गाडीला हात लावू नको." शेठ रडवेले झाले होते. "साहेब, मी त्याला मरायला पाठवला नव्हता हो. माल नासत होता." इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की त्यानंतर मी फक्त खिडकीबाहेर पाहिलं, जे केलं ते शेठने केलं. ते खोटं आहे. शेठला तो मेसेज पुसता येईना, ते भलतीकडेच दाबत होते. कुठे दाबायचं ते मी दाखवलं.

केबल आली, नक्कल झाली, ठसा निघाला. यासीन परत आला. कागदावर 'दोघांच्या समक्ष' असं लिहिलेलं होतं. त्याने आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

सुनावणीत दिराने मेसेजची गोष्ट सांगितली. मी उठलो आणि तो कागद पुढे केला. नक्कल अख्खी आहे, ठसा जुळतो, समोरच्या वकिलांची सही आहे, असं मी बोललो. न्यायाधीशांनी विचारलं, "मुकादम, आपण पूर्ण वेळ हजर होतात?"

यासीन उभा राहिला. "नाही साहेब. मी अर्धा तास बाहेर होतो. तशी सही करायला नको होती. चूक माझी आहे."

त्या अर्ध्या तासात खोलीत कोण होतं, हे त्याने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सुलोचनाचा दावा फेटाळला गेला आणि निकालात लिहिलं गेलं की ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीने घाटात शिरला.

पुढचं महाडात सगळ्यांना ठाऊक आहे. मुकादमाला शेठने पैसे देऊन गाठलं, असं लोक बोलले. नियम करणाऱ्यानेच नियम मोडला म्हणून वकिलांनी मसुदा गुंडाळून ठेवला. बैठका बंद झाल्या, छापील अर्धेमुर्धे मेसेज पुन्हा सुरू झाले. यासीनकडे येणारी माणसं कमी झाली. त्या शुक्रवारनंतर त्याने माझ्या टेबलावर फाइल ठेवली नाही, पण बोलणं सोडलं नाही. नमाजाला जाताना फायली पिशवीत घालून सोबत नेऊ लागला. त्या पिशवीबद्दल मी कधी काही विचारलं नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणावर होता. रुबीना चहा करायला आत गेली. "तुला माझ्याशी काही बोलायचंय का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "तू आधी बरा हो." त्याने डोळे मिटून घेतले. "बरं," म्हणाला... त्याला ठाऊक होतं, असं मला तेव्हापासून वाटतं. मला बोलता यावं म्हणून त्याने वाट करून दिली होती आणि मी तब्येतीचं विचारत बसलो.

तो गेल्यावर आठव्या दिवशी मी रुबीनाला सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. "हे मला नको सांगू काका. जिथं लपवलंस तिथं सांग," म्हणाली. मी प्रतिज्ञापत्र लिहून कोर्टात दिलं, एक प्रत वकील संघाला दिली. माझी सनद राहील की जाईल ते ठरेल. ती गेली तर योग्यच होईल.

मग पोलादपूरला गेलो. सुलोचना नाचणी पाखडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"म्हंजे मुकादम वकिलांनी पैसे खाल्ले नव्हते?"

"नाही."

"आनि तुमी?"

"शेठ माझे पक्षकार होते. मी ते त्यांच्यासाठी केलं."

ती मला शिव्या देईल असं वाटलं. पण ती भलत्याच गोष्टीवर गेली होती. "निकाल लागला तवा मी त्यांच्या दारात जाऊन बोंब मारली हाय. गल्ली गोळा झालती. तुमच्या घरात पन असंच मरन येवंदे, म्हनलं मी. ते काय बोलले नाय हो. पोरीला म्हनाले, बाईला पानी दे." तिने सूप खाली ठेवलं. "मला तिथं न्या."

आम्ही एसटीने महाडला आलो. ती माझ्यापासून दोन बाकं सोडून बसली. रुबीनाने दार उघडलं. बाहेरच्या खोलीत यासीनची खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती. पाठीवर टॉवेल, बाजूच्या तिवईवर चष्म्याचं घर. सुलोचनाने चपला काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. त्या खुर्चीकडे बघून तिने हात जोडले.

"वकीलसाहेब, माझं चुकलं," ती म्हणाली.

रुबीनाने तिचा हात धरून तिला आत घेतलं. मी खालच्या पायरीवर उभा होतो. मला आत ये कोणी म्हटलं नाही, आणि माझ्या पायात चपला तशाच होत्या.