जावेची घंटागाडी
फिनेलचा वास आला की धारूरची ती सकाळ आठवते. घंटागाडी चालवायला नगरपालिकेनं बायका घेतल्या, तेव्हा आम्ही दोघी जावांनी अर्ज केले आणि धाकटीला काम लागलं. कालपर्यंत माझ्याबरोबर ऊस तोडणारी ती खाकी कोट घालून फिनेलनं धुतलेली गाडी दारात उभी करायची, अन् माझा जळफळाट व्हायचा. त्या दिवशी मी मुद्दाम शिळ्या भातात फुटक्या बरणीच्या काचा मिसळून बादली दिली. ओला-सुका कचरा वेगळा करताना तिचा तळहात चिरला. पदर गुंडाळत ती एवढंच म्हणाली, "अक्का, तुमाला तर न्हाई ना लागलं?" इतकी वर्षं झाली, मी माफी मागितलेली नाही. तिची नोकरी मी कधीच पचवली. तो प्रश्न मात्र अजून पचत नाही.