सिरियस आणि क्रिटिकल

मी दिग्रसला शाळेत इंग्रजी शिकवतो. ‘सिरियस’ आणि ‘क्रिटिकल’ यांतला फरक दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. आजार गंभीर असला तर सिरियस. घडीचा भरवसा उरला नाही की क्रिटिकल. मुलं उतरवून घेतात आणि विषय तिथेच मिटतो.

फळ्याबाहेर आमच्याकडे रीत वेगळी. माणूस गेला की लांबच्या नातेवाइकाला फोनवर ‘गेला’ म्हणत नाहीत. ‘सिरियस आहे, लवकर ये’ म्हणतात. बिचाऱ्यावर एसटीत रडत बसायची वेळ येऊ नये, एवढीच त्यामागची माया. ऐकणाराही समजून घेतो, उलट काही विचारत नाही. मामा गेले तेव्हा मावशीला मीच असा फोन केला होता. ‘क्रिटिकल’ हा शब्द डॉक्टरांचा, घरात तो कुणी वापरत नाही.

बाबा फुलसावंगीला धाकट्या भावाकडे असायचे. एका सकाळी त्याचा फोन आला.

“दादा, बाबा सिरियस हाये. लवकर ये.”

‘बरं’ म्हणून मी खुर्चीत बसलो. बाबा गेले, हे मनाने लगेच मान्य केलं. पुढचं सगळं मी शिस्तीत उरकलं, आणि त्या शिस्तीचा मला आजही राग येतो. शाळेत रजेचा अर्ज नेऊन दिला. बायकोला म्हटलं, सावकाश आवर. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. गर्दी होती म्हणून एक गाडी सोडून दिली. पुसदला गाडी बदलताना चहाही घेतला, कारण घरी चूल पेटलेली नसणार.

पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. भाऊ उठून जवळ आला.

“अर्धा घंटा झाला. तुलेच इचारत होते. मी म्हणत होतो, निघालाय.”

“मले वाटलं, गेले म्हूनच तू सिरियस म्हणाला.”

“कायले? खरंच सिरियस होते. डॉक्टरबी तेच म्हणाला.”

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. फळ्यावर मी लिहितो त्याच अर्थाने तो बोलला होता. मी आत गेलो, बाबांच्या पायांशी बसलो. रडू आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे असताना तिची तब्येत बिघडली. डॉक्टर दोनपैकी कुठला तरी शब्द म्हणाले, मी नीट ऐकलाही नाही. भावाला फोन लावला.

“माय जिवंत हाये,” मी म्हणालो. “पयलीच गाडी पकड.”

तो दुपारीच पोचला. आईने डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि विचारलं, “जेवला का?”

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बाबांसाठीचं रडू मला तेव्हा आलं.