सीलबंद बाटलीवरचा लाल ठिपका

कित्येक गुन्ह्यांचे निकाल विसरलो, पण पूर्णा पोलीस ठाण्यात नेमणुकीवर असताना हाती आलेली ती बाटली अजून डोळ्यांपुढे येते.

सरकारी दवाखान्यातून डॉक्टर बाईंचा फोन आला, नातेवाईक अंगावर येताहेत. मी स्वतः गेलो. एका बाळंतिणीला ताप होता. नवऱ्यानं बाहेरून जबर अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणलं होतं आणि बाई ते देत नव्हत्या.

"माझी बायको मरायलीय अन् ह्या मोठी सुई कुलपात ठेवून बसल्यात, म्या आणलेली बी टोचंनात!" तो ओरडत होता.

बाई शांत होत्या. "तपासणीचा अहवाल आलाय. तिला साधं औषध लागू पडतं, ते सुरू आहे. जबर औषध उठसूट वापरलं तर जंतू त्यालाही जुमानणार नाहीत. मग खरी गरज असेल त्याला काय देऊ?"

जमावाला ते पटेना. मी नवऱ्याच्या हातातली बाटली घेऊन सहज उलटी केली. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तो पाहताच बाई चपापल्या. त्यांच्याकडे असलं इंजेक्शन त्यांच्या सहीशिवाय निघत नसे आणि टोचून झालं की सिस्टर रिकाम्या बाटलीला असा ठिपका लावत. ही तर सीलबंद होती. म्हणजे कुणीतरी ती पुन्हा भरली होती!

नवऱ्याला बाजूला घेऊन चहा पाजला. घाबरलेल्या माणसावर आवाज चढवला की तो मिटतो, हा माझा अनुभव. ठिपक्याचा अर्थ सांगितला, तसा त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"साहेब, हे तिला टोचा म्हणून म्या भांडायलो व्हतो?"

मग त्यानं गावातल्या बोगस डॉक्टरचं नाव सांगितलं. साध्या वेशातला हवालदार गिऱ्हाईक म्हणून पाठवला. औषध निरीक्षक आणि पंच घेऊन मी बाहेर थांबलो. बाटली हाती पडताच छापा घातला. आत ठिपकेवाल्या रिकाम्या बाटल्या, सील दाबायचं यंत्र आणि पांढरी भुकटी मिळाली.

"लोकच मोठी सुई मागायलेत, साहेब," तो बोगस डॉक्टर म्हणाला. यात खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. दवाखान्याच्या कचऱ्यातून बाटल्या विकणाराही त्याच दिवशी कोठडीत गेला.

बाळंतीण साध्या औषधानं बरी झाली. त्या तपासाचा मला आजही अभिमान वाटतो, आणि बाईंचा त्याहून जास्त. ठामपणे नाही म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं, हाही बंदोबस्तच असतो, हे मी तिथं शिकलो.

पुढे एकदा दवाखान्यात गेलो, तर कुणीतरी नातेवाईक बाईंशी हुज्जत घालत होता. लेकीला डोस पाजायला आलेला तोच नवरा मध्ये पडला.

"बाई न्हाई म्हणल्या ना, भाऊ? मग न्हाई. हिची माय त्या न्हाईनंच वाचलीय."