फुकट नाही, मोकळं

मीटरकाकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करून स्क्रू शोधायचे. स्क्रू सापडला नाही तर नासका आंबा परत द्यावा तशी दोन बोटांनी परत करायचे. "उघडताच येत नाही. विकत घेतलीस, तरी कंपनीचीच राहिली," म्हणायचे. मोहने गावातल्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मीटर दुरुस्त केले, म्हणून हे नाव. कारखाना बंद पडल्यावर आंबिवलीतल्या एका खोलीत ते लोकांचे जुने मोबाइल जिवंत करत बसायचे.

मी ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा धंदा शून्यातून उभा केलाय. भाव पाडल्याशिवाय सुईही घेत नाही. त्यामुळे माझा धडधाकट मोबाइल कंपनीने चार वर्षांत म्हातारा ठरवला, याचा राग अजून गेलेला नाही. काच शाबूत, बॅटरी ठणठणीत. पण अपडेट बंद झाले आणि एकेक ॲप चालेना. ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरमधली मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, नवीन घ्या." मी आवाज चढवला. उपयोग शून्य.

काका म्हणाले, कंपनीची सिस्टिम काढून दुसरी टाकू. जगभरचे लोक मिळून ती लिहितात आणि आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून बघता येतं.

"किती घेणार?"

"काही नाही."

"फुकट? मग खोट कुठे आहे ते सांगा."

"फुकट नाही रे शेठ, मोकळं. आणि बँकेचं ॲप चालेलच असं नाही, आत्ताच सांगतो."

जो माणूस भावच सांगत नाही, त्याच्याशी घासाघीस कशी करायची? माझी पंचाईत झाली.

त्यांची अट एकच. बटणं ज्याचा फोन त्याने दाबायची आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची. मी दोन ओळी वाचल्या, कंटाळलो आणि तिसरीला सरळ 'हो' दाबलं. ती ओळ होती, फोनमधलं सगळं पुसलं जाईल.

त्यात बाबांचा व्हिडिओ होता. कल्याणच्या बाजारात मांदेलीच्या वाट्यावरून ते कोळणीशी हुज्जत घालताहेत. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरलेला.

"माझ्या बापाला पुसलंत तुम्ही," मी ओरडलो. रिकामटेकडा म्हातारा, असंही म्हणालो.

"दाबलं कोणी?" काकांनी शांतपणे हत्यारांची कंपासपेटी उघडून एक मेमरी कार्ड काढलं. "मघाशी ओट्यावर दुसऱ्या फोनवरून काचवाल्याशी तासभर भांडत होतास ना? तेवढ्यात सगळं यात उतरवलं. तू तिसरी ओळ वाचणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

थोड्या वेळाने त्याच फोनवर कोळीण म्हणाली, "आजोबा, म्हावरं न्या नायतर वाट सोडा," आणि बाबा हसले. मी जमिनीवरच बसलो.

बँकेचं ॲप आजही रुसलेलं आहे. बाकी फोन पळतो.

गेल्या वर्षी काका लेकीकडे राहायला गेले. खोपटच्या डेपोत त्यांना एसटीत बसवताना मी माफी मागितली. "माफी ठेव तुझ्यापाशी. पुढच्याला शिकव," म्हणाले आणि कंपासपेटी माझ्या हातात दिली.

परवा शेजारच्या पोळी-भाजीवाल्या ताई त्यांचा मोबाइल घेऊन आल्या. "दादा, किती घ्याल? वाजवी सांगा, नाहीतर चालले दुसरीकडे."

"फुकट नाही, मोकळं," मी खेकसलो. "आधी सगळं कार्डावर उतरवतो, चहा घ्या तोवर. मग मोठ्याने वाचायचं."

चहाबरोबर त्यांचा दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी वाद चाललेला, माझं बोलणं ऐकलंच नाही. मग दोन ओळी वाचल्या. तिसरीपाशी बोट घाईने पुढे आलं. मी अडवलं नाही. कार्ड माझ्या खिशात होतं.