मामाचा सूर्याचा डबा

आख्ख्या तलासरी तालुक्यात विजेवर काडीचाही विश्वास नसलेला वायरमन एकच झाला, आणि तो माझा मामा. तीस वर्षं खांबांवर चढून त्याने दुसऱ्यांच्या घरी वीज पोचवली. आमच्या पाड्यापर्यंत मात्र खांब आलेच नाहीत. त्यामुळे डहाणू रोडला माझ्या खोलीवर आला, की लख्ख ट्यूबलाइटखालीही तो आपला कंदील पेटवून शेजारी ठेवी. "ती पाहुणी," ट्यूबकडे बोट करून म्हणे, "हा घरचा."

असा माणूस निवृत्तीनंतर सूर्याच्या प्रेमात पडला. एका संस्थेने पाड्यावर निळा लोखंडी कंटेनर आणून ठेवला. आत बॅटऱ्या, वर उलगडणारी सोलर पॅनेल. गरज संपली की घडी घालून पुढच्या गावी न्यायचा. देखभाल मामाकडे आली आणि त्याचं राज्य सुरू झालं. डब्यात शिरताना तो चपला बाहेर काढी. पॅनेल पुसायला मामीचं मऊ लुगडं, तेही रोज धुतलेलं. मामी म्हणे, "माझं तोंड कधी एवढ्या मायेनं पुसलं नाय." आधी आरोग्य उपकेंद्रातला लशींचा फ्रिज, मग भातगिरणी, उरलं तर मोबाइल, हा क्रम त्याने सरपंचासाठीही मोडला नाही. डोंगरामागून ढग डोकावला, की जेवत्या ताटावरून उठून ओरडे, "गिरणी बंद करा! म्हातारा झाकला!" म्हातारा म्हणजे सूर्य.

मी पत्रकं लिहिते. विजेच्या हक्कावरचं माझं जळजळीत पत्रक त्याने दोनदा वाचलं आणि उलटून पाहिलं. "झकास आहे, पोरी. याला बटण कुठाय?"

डबा जायचा आहे, हे मात्र सगळेच विसरले. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून मामाने भोवती मातीचा ओटा घातला. मामीने तो सारवला, दुधीचा वेल चढवला. कुणाच्या लग्नात बायकांनी दाराशी तांदळाच्या पिठाने चौकही लिहिला. डब्याचं घर झालं.

मग एकदाचे खांब आले, आणि डबा न्यायला क्रेन. तो वरच्या पाड्यावर जायचा होता. तिथल्या बाया डोंगर उतरून डोक्यावरून भात आमच्या गिरणीवर आणत. त्यांना मामानेच शब्द दिला होता. पण ओट्यात डबा असा रुतला होता, की हलेना. आमची माणसं गोळा झाली. "खांबावरची आज आली, उद्या गेली तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. माझं पत्रक तयारच होतं: 'डबा हलणार नाही!'

"वाच मोठ्यानं," मामा म्हणाला.

मी वाचलं. टाळ्या पडल्या. क्रेनसोबत आलेली वरच्या पाड्याची म्हातारी एवढंच म्हणाली, "मामा, तुमी सबूद दिलेला."

मामा माझ्याकडे वळला. "सगळे हक्क आले, पोरी. हिच्या डोक्यावरचं ओझं कुठं लिहिलंस?"

मी कागद पाहिला. नव्हतं लिहिलेलं.

त्याने घरातून पहार आणली आणि आपला ओटा आपणच फोडला. मामीने वेलावरचे दुधी काढून म्हातारीच्या पदरात घातले. वर ते मऊ लुगडंही दिलं.

आता मामाच्या घरी बल्ब आहे, शेजारी कंदील आहेच. दुपारी तो डब्याच्या रिकाम्या चौकोनापाशी बसतो. तिथे अजून गवत उगवलेलं नाही. परवा मीही बसले होते. डोंगरावर ढग आला तसा तो ताडकन उठला, मग सावकाश खाली बसला.

"वरती कुणी गिरणी बंद केली असेल ना गं?"