मावशीला किचनमध्ये पाठवलं तेव्हा
रुईबॉस या दक्षिण आफ्रिकेतल्या लाल चहाचा वास आला की अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावातलं आमचं अपार्टमेंट आठवतं. माझी दक्षिण आफ्रिकन रूममेट मुलांची आशा मोजणारी प्रश्नावली संशोधनासाठी तिच्या अफ्रिकान्स भाषेत आणत होती. चाचणीसाठी तिच्याच ओळखीच्या घरांतली मुलं यायची आणि 'अडचणीतून मार्ग सापडतो का?' अशा प्रत्येक प्रश्नाला एकाच उत्तरावर खूण करायची, 'नेहमी'. प्रोफेसरांनी सांगून टाकलं, असंच चाललं तर हे भाषांतर बाद. ती रडकुंडीला आली. मी विचारलं, "मुलं तुला काय म्हणतात?" "टॅनी. तुमच्या मावशीसारखं." "मग झालं. अडचणीतून मार्ग सापडत नाही, हे मावशीसमोर कुठलं पोर कबूल करेल? तू किचनमध्ये जा, मी बसते." "तुला अफ्रिकान्स कुठे येतं?" "म्हणूनच बसते. त्यांनी काय लिहिलं ते मला वाचताच येणार नाही." पुढच्या शनिवारी आलेल्या पहिल्याच मुलीने मला नीट न्याहाळलं, पेन्सिल चावली आणि 'कधीच नाही'वर ठसठशीत खूण केली. खाली 'कधीकधी', मग 'बऱ्याचदा'. प्रत्येक प्रश्नाला ती थांबून विचार करत होती. कागद पाहून रूममेटने मला उचलूनच घेतलं, तिच्या हातातल्या कपातला चहा माझ्या पाठीवर सांडला. प्रश्नावली मंजूर झाली. आज माझ्या विद्यार्थ्यांना पहिली सूचना मी हीच देते: मुलांना काही विचारण्याआधी त्यांच्या लाडक्या मावशीला किचनमध्ये पाठवा.