दुसऱ्या गाडीचा नंबर

आरटीओच्या आवारात एजंटाने मोटरसायकलच्या सांगाड्यावरचं ग्रीस नखाने खरवडलं, त्याखाली कोरलेला नंबर वाचला आणि तेच नख चावत तो विचार करू लागला. मला शिसारी आली. मी तोंड फिरवलं.

गाडी शेजारच्या सुधाकाकूंची होती; त्याही सोबत आल्या होत्या. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनीअर होते. त्यांनी ती परदेशातून आणली, आणि कागद कुठे ठेवलेत ते न सांगताच ते वारले. काकूंना आता ती नोंदवून भाच्याला द्यायची होती. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच सांगितलं होतं, "आयातीचा कागद नाही म्हणजे गाडी नाही."

एजंट म्हणाला, "हा नंबर घासून टाकू. भंगारात गेलेल्या एका गाडीचे कागद आहेत माझ्याकडे. तिचा नंबर यावर ठोकू."

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

विचारून झाल्यावर मला माझीच किळस आली. माणसाला घाण दिसली की मळमळतं. घाणेरडं काम समोर आलं की तो फक्त मुदत विचारतो.

काकूंनी पदराने त्या नंबरावरचं उरलेलं ग्रीस पुसलं. "यांनी बोटीवरून पत्र लिहिलं होतं, त्यात हा नंबर आहे," त्या म्हणाल्या. "ते घेऊन मी साहेबांना भेटेन. नाही म्हणाले तर राहू दे गाडी अंगणात."

त्या एकट्याच गाडी ढकलू लागल्या. मी मागून हात लावला, पण त्यांच्याशी बोलायचा धीर मला घरापर्यंत झाला नाही.